दशावतारी खेळ : अलिखित संवाद आणि गावाची साक्ष

१

मराठी रंगभूमीच्या इतिहासात दशावतारी खेळाला जे स्थान मिळत आले आहे ते बहुधा प्रस्तावनेतले आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला. त्या घटनेपासून नव्या मराठी नाटकाची गणना सुरू होते, आणि तिच्यामागे काय होते हे सांगण्याची वेळ आली म्हणजे ललित, गोंधळ, तमाशा, कर्नाटकातील भागवतांचे खेळ ह्यांच्या पंक्तीत दशावताराचे नाव घेतले जाते. भाव्यांच्या नाटकातील गणपती-सरस्वतीचे प्रवेश, पदे म्हणणारा सूत्रधार आणि विदूषक ही योजना दशावताराशी किती जुळते, दशावतार कर्नाटकातून कोकणात आला की कोकणातच वाढला, यक्षगानाशी त्याचे नाते कोणते, ह्या प्रश्नांची चर्चा बरीच झाली आहे. तंजावरच्या भोसले राजांची मराठी नाटके उजेडात आल्यानंतर ह्या वादात आणखी एका धाग्याची भर पडली.

ही सारी चर्चा उगमाची आहे. तिचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि तिच्यामुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. जे आधी झाले ते अपूर्ण, आणि जे नंतर आले ते त्याचे पूर्णरूप, अशी ती समजूत होय. ह्या दृष्टीने पाहणाऱ्याला दशावतारात नाटकाची केवळ सामग्री दिसते, नाटक दिसत नाही. लिखित संहिता नाही, नेपथ्य नाही, तालीम नाही, म्हणून हा नाट्यकलेचा बाल्यकाल, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः ज्या गोष्टींची उणीव मोजली जाते त्यांपैकी पहिलीच, म्हणजे लिखित संहितेचा अभाव, हा ह्या खेळाचा आधारस्तंभ आहे. तो अभाव कशाच्या बळावर टिकला हे पाहू गेल्यास विवेचन रंगमंचावरून उतरून गावात जाते, आणि ग्रामजीवनात रंगभूमीचे कार्य कोणते ह्या व्यापक प्रश्नाला तेथेच काहीसे निश्चित उत्तर मिळते.

२

दशावतारी खेळाचा मुलूख म्हणजे दक्षिण कोकण : सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले, मालवण, दोडामार्ग हे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुके आणि त्यांना लागून असलेला गोव्याचा पेडण्याकडील भाग. हा खेळ मनास येईल तेव्हा होत नाही. भातकापणी आटोपून कार्तिक उजाडला की गावोगावच्या ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू होतात. दिवसभर ओटी भरण्यासाठी लोटलेली गर्दी, माहेरवाशिणींचे येणे, खाज्याची दुकाने, रात्री देवळाभोवती फिरणारी पालखी, आणि पालखी देवळात परतल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होऊन पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत चालणारा खेळ, असा जत्रेचा क्रम असतो. त्या अखेरच्या विधीवरूनच खेळाला ‘दहिकाला’ हे दुसरे नाव मिळाले आहे. बोलीत तो ‘धयकालो’ होतो. पहिल्या पावसाबरोबर हंगाम संपतो, आणि नटांपैकी बरेचजण शेताकडे किंवा मजुरीकडे वळतात.

ह्या क्रमात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खेळ करणारी मंडळी गावची नसते. वालावलकर, मोचेमाडकर, चेंदवणकर, खानोलकर, पार्सेकर ही मंडळांची नावे वालावल, मोचेमाड, चेंदवण, खानोली, पार्से ह्या गावांची ओळख सांगतात. पण मंडळाचा हंगाम जातो तो परगावी. कोणत्या देवळाच्या जत्रेत कोणत्या मंडळाने खेळ करावयाचा हे अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. मंडळाला तो मान असतो आणि तेच त्याच्यावरील बंधनही असते. पूर्वी ही मंडळी पेटारा डोक्यावर घेऊन पायी एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेस जात असे. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही दशावतारी नटाविषयीची म्हण त्या चालण्यातून आली आहे. आज पेटारा टेंपोतून जातो, म्हण मात्र शिल्लक आहे. कारण रात्रीचे राजेपण आणि दिवसाची मिळकत ह्यांतील अंतर अद्याप मिटलेले नाही.

सामूहिक रंगभूमीचा विचार करताना ‘गावाने स्वतः केलेले नाटक’ हीच व्याख्या गृहीत धरली जाते. ती व्याख्या रत्नागिरीकडील शिमग्याच्या खेळ्यांना लागू पडते. तेथे खेळे गावचेच असतात. गोव्यातील देवळांच्या उत्सवी नाटकांनाही ती बव्हंशी लागू पडते. तेथे गावातलीच माणसे तोंडाला रंग लावून उभी राहतात. दशावतार मात्र ह्या व्याख्येत बसत नाही. येथे नट व्यवसायी आहेत, बिदागी घेतात, आणि उद्या दुसऱ्या गावी जाणार असतात. असे असूनही हा खेळ गावाचा आहे असे म्हणावयाचे असेल, तर गावाचा त्यातील वाटा अभिनयाखेरीज दुसऱ्या कोठेतरी शोधला पाहिजे.

३

प्रथम पूर्वरंगाचा विचार करू. दशावतार ह्या नावावरून दहाही अवतारांचे दर्शन अपेक्षित धरणाऱ्याची निराशा होते. प्रत्यक्षात मत्स्यावताराशी जोडलेली संकासुराची कथा तेवढी पूर्वरंगात येते. गणपती ऋद्धिसिद्धींसह येतो, भटजी त्याची पूजा सांगतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. संकासूर वेद पळवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. ह्या भागाला ‘आडदशावतार’ म्हणतात. त्यानंतर जे आख्यान होते ते भारत, रामायण वा पुराणे ह्यांतील कोणतेही असू शकते.

विधी म्हणून पूर्वरंगाचा संबंध नाट्यशास्त्रातील पूर्वरंगाशी लावणे सोपे आहे. परंतु ह्या भागाचा खरा नायक संकासूर होय, आणि तो कोणत्याही शास्त्रात बसत नाही. अंगभर काळा वेष, तोंडावर काळा बुरखा आणि त्यातून लोंबणारी लाल जीभ, असे त्याचे ध्यान भीतिदायक. पण तो तोंड उघडतो ते मालवणीत. ब्रह्मदेव आणि विष्णू संस्कृतप्रचुर मराठीत बोलत असताना हा वेदचोर समोर बसलेल्या माणसांच्या बोलीत त्यांना उलट उत्तरे देतो, प्रेक्षकांतील ओळखीच्या माणसांची फिरकी घेतो, गावच्या ताज्या भानगडींना हात घालतो. वेद चोरणाऱ्याने गावची बोली बोलावी आणि वेद राखणाऱ्याने ग्रंथाची, ही वाटणी कोणी योजून केली असेल असे नाही. तथापि तिचा परिणाम स्पष्ट आहे. दोन भाषांतील अंतर रंगमंचावर उघडे केले जाते, आणि हशा नेहमी धाकट्या भाषेच्या बाजूने उभा राहतो.

येथेच एका मर्यादेचीही नोंद केली पाहिजे. संकासूर मरतो. त्याला दिलेली मोकळीक घटकाभराची असते, आणि तिचा शेवट आधीपासून ठरलेला असतो. दक्षिण कोकणातील गावऱ्हाटीत कोणाचा मान कोणता, पालखीस खांदा कोणाचा, देवळात कोणी कोठे उभे राहावयाचे, हे त्याच जत्रेत, त्याच रात्री काटेकोरपणे पाळले जाते. मानकऱ्यांची थट्टा करणारा संकासूर मानाचा क्रम बदलू शकत नाही. लोकरंगभूमीला सरसकट बंडखोर ठरवणारी समीक्षा ह्या ठिकाणी फसते. तिला केवळ रूढीची दासी समजणारी समीक्षाही तितकीच फसते. दशावतार गावाची व्यवस्था मोडत नाही. परंतु वर्षातून एकदा ती व्यवस्था मोठ्याने उच्चारून तिच्यावर हसण्याची संधी देतो. जे एरवी बोलले जात नाही ते चारचौघांत बोलले गेले, एवढाच तो लाभ. तो थोडा आहे, पण खोटा नाही.

४

आता आख्यानाकडे वळू. प्रयोगापूर्वी मंडळातील जाणता माणूस त्या रात्रीचे कथानक आणि पात्रांची वाटणी सांगतो. प्रत्येक नट आपला चेहरा आपणच रंगवतो. पुढचे सारे संवाद उभ्याउभ्या रचले जातात. रंगमंचावर एक पडदा आणि एक बाकडे असते. तेच सिंहासन, तेच पर्वत, तोच रथ. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. युद्धे मृदंगाच्या बोलांवर नाचत होतात. स्त्रीपात्रे पुरुषच करतात, आणि ही प्रथा जुनी आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त दशावतारी खेळाचा दाखला देताना त्यातील सुंदर नारी प्रत्यक्षात धटिंगण पुरुष असतात ह्यावर नेमके बोट ठेवले आहे.

बाकड्याच्या पर्वताची मौज अनेकांनी वर्णिली आहे. तीहून महत्त्वाचा प्रश्न असा, की लिहिलेली भाषणे हाती नसताना नट रात्रभर बोलतो तो कशाच्या आधारावर? सामान्यतः ह्याचे श्रेय नटाच्या प्रतिभेला दिले जाते. प्रतिभा असतेच, पण ती पुरेशी नाही. नट ज्या भांडवलावर बोलतो ते त्याचे एकट्याचे नसते. कीर्तने, श्रीधरांचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ ह्यांसारख्या ग्रंथांची घरोघरी झालेली पारायणे, आजीने सांगितलेल्या कथा, आणि आधीच्या जत्रांत पाहिलेले खेळ ह्यांतून समोरच्या प्रेक्षकांनाही ती कथा ठाऊक असते. कथा ठाऊक असल्यामुळे ‘पुढे काय होणार’ ही उत्कंठा उरत नाही. तिची जागा ‘हा आता काय बोलणार’ ही उत्कंठा घेते. दशावताराचे नाट्य घटनेत नाही, युक्तिवादात आहे.

उदाहरणार्थ, कृष्णशिष्टाईचा प्रसंग घ्यावा. कृष्ण पांडवांसाठी पाच गावे मागतो आणि दुर्योधन सुईच्या अग्रावर राहील एवढी मातीही नाकारतो, हे पोरासोरांनाही माहीत आहे. शिष्टाई फसणार हे निश्चित असताना रस उरतो तो दुर्योधनाच्या नकारात. त्याने नकाराचे समर्थन कसे करावे? वडील आंधळे म्हणून त्यांचे राज्य गेले काय? कसणाऱ्याचा हक्क मोठा की वारसाचा? वनवासास गेलेल्या भावाचा वाटा तेरा वर्षांनी जिवंत राहतो काय? हे प्रश्न ज्या लोकांसमोर मांडले जातात ते भाऊबंदकीत वाढलेले असतात. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या, मुंबईस गेलेल्या भावाचा हिस्सा, सामाईक घराच्या पडवीवरून पडलेली तेढ हा त्यांच्या रोजच्या अनुभवाचा भाग असतो. नटाने दुर्योधनाची बाजू दुबळी मांडली तर ते कंटाळतात. कृष्णाने केवळ देवपणाच्या जोरावर उत्तर दिले तर त्यांचे समाधान होत नाही. नट जे बोलतो त्याची कसोटी पोथी नव्हे, तर ऐकणाऱ्यांचे व्यवहारज्ञान आणि न्यायबुद्धी होय.

गावाचा वाटा शोधावयाचा होता तो येथे सापडतो. गाव अभिनय करीत नाही. गाव साक्ष काढते. न्यायसभेत दोन्ही पक्ष आपापले म्हणणे मांडतात आणि पंच ऐकतात, त्या जातीचे हे ऐकणे आहे. प्रश्न महाभारतातला असतो, म्हणून कोणा एकाचे घर उघडे पडत नाही. परंतु तो प्रश्न प्रत्येकाचा असतो. जे भांडण पंचांपुढे किंवा कोर्टात नेल्यास दोन घरे कायमची तुटतात, त्याच भांडणाची दोन्ही बाजूंची उत्तम वकिली शत्रुपक्षाच्या शेजारी बसून ऐकण्याची सोय ह्या खेळाने केलेली आहे. परगावची मंडळी असणे ह्याच दृष्टीने उपकारक ठरते. दुर्योधन करणारा नट गावातलाच असता, तर त्याच्या भाषणात कोणाच्या तरी वाटणीचा वास आलाच असता. त्याचे परकेपण हे त्याच्या निःपक्षपातीपणाचे तारण आहे. व्यवसायी मंडळाचा खेळ गावाचा कसा, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या परकेपणातच आहे.

५

ह्या विवेचनाच्या प्रकाशात गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ ह्या नाटकाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. १९८० साली व्यावसायिक रंगभूमीवर आलेल्या आणि मच्छिंद्र कांबळी ह्यांच्यामुळे घरोघर पोहोचलेल्या ह्या मालवणी नाटकात गावातील हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा पौराणिक खेळ बसवतात, आणि तो करताना उडणारी त्यांची तारांबळ हा विनोदाचा विषय होतो. शहरी प्रेक्षकांना गावच्या रंगभूमीची ओळख अनेकदा ह्याच नाटकाने करून दिली, आणि त्यामुळे ‘गावचे पौराणिक नाटक म्हणजे फजिती’ असे समीकरणही नकळत रूढ झाले. वास्तविक त्या फजितीचे मूळ गावंढळपणात नाही. बोलीत सहज बोलणाऱ्या माणसांच्या तोंडी जेव्हा ठरवून दिलेली ग्रांथिक भाषणे येतात, तेव्हा ती अडखळतात. दशावतारी नटावर हा प्रसंग येत नाही, कारण त्याला विसरण्यासारखे काही दिलेलेच नसते. ‘वस्त्रहरण’ हे गावाच्या रंगभूमीचे विडंबन नसून गावावर लादलेल्या पाठांतराचे विडंबन आहे, असे म्हटल्यास ते त्या नाटकावरही अन्याय करणारे होणार नाही.

६

दशावताराचे गुणगान करताना त्याच्या उणिवा झाकणे योग्य नव्हे. स्त्रीवेष घेण्याच्या पुरुषांच्या कौशल्याला मोठा मान आहे, परंतु जिची बाजू तो नट मांडतो ती स्त्री समोर बसून ऐकते, बोलत नाही. द्रौपदी, सीता, तारामती ह्यांची गाऱ्हाणी शतकानुशतके पुरुषांनीच रचली आणि पुरुषांच्याच मुखाने ती बोलली गेली. ज्या खेळाचे बळ दोन्ही पक्षांच्या वकिलीत आहे, त्यात एक पक्ष नेहमी दुसऱ्याच्या वकिलामार्फत बोलतो, ही त्याची सर्वांत मोठी त्रुटी आहे. तिला परंपरेचे नाव देऊन बाजूस सारता येणार नाही.

नव्या बदलांविषयी मात्र जो हळहळीचा सूर काढला जातो तो बहुतांशी अस्थानी आहे. विजेचे दिवे आले, ध्वनिक्षेपक आले, ‘ट्रिकसीन’ची आख्याने आली, धुरातून सर्प आणि राक्षस प्रकट होऊ लागले, ह्यामुळे खेळाची शुद्धता गेली असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की दशावतार कधीच शुद्ध नव्हता. पायपेटी ही त्याची जन्मजात मालमत्ता नव्हे, आणि नाट्यसंगीताच्या चालीही त्याने निःसंकोच उचलल्या आहेत. नवे घेणे हा त्याचा स्वभावच आहे. हानी होते ती दुसऱ्या दोन बाजूंनी.

पहिली बाजू वेळेची. महोत्सवांत, स्पर्धांत आणि शहरांतील नाट्यगृहांत खेळाला दोन-तीन तासांत आटोपावे लागते. तेव्हा कात्री लागते ती पूर्वरंगाला, आणि त्यात संकासुराला, मग युक्तिवादाला. युद्धे, नृत्ये आणि चमत्कृती तेवढ्या उरतात, कारण कथा ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला त्याच कळतात. त्या प्रेक्षकाचा ह्यात दोष नाही. परंतु तो साक्षीदार होऊ शकत नाही, केवळ पाहुणा राहतो. दुसरी बाजू स्थिरतेची. स्पर्धेसाठी संहिता लिहून काढल्या जातात. गाजलेले प्रयोग मोबाइलवर चित्रित होऊन सर्वत्र पसरतात, आणि ज्या भाषणाला एके ठिकाणी दाद मिळाली त्याचीच दुसऱ्या गावी मागणी होते. नट स्वतःच्याच भाषणाचे पाठांतर करू लागला की अलिखित संवाद नावापुरता अलिखित राहतो.

२०२० साली महासाथीने जत्रांवर निर्बंध आले तेव्हा गर्दीबरोबर मंडळांचा हंगामही गेला, आणि हा व्यवसाय किती थोड्या आधारावर उभा आहे हे उघड झाले. त्यानंतर शासकीय मदत, महोत्सव, पुरस्कार ह्यांची मागणी वाढली तर ते स्वाभाविकच आहे. नटाच्या पोटाचा प्रश्न समीक्षेने गौण मानू नये. पण मदत कोणत्या रूपाने द्यावी हा प्रश्न समीक्षेचाही आहे. महोत्सवास दिलेला पैसा मंडळाला शहरात आणतो. जत्रेतील रात्रीच्या बिदागीत घातलेली भर त्याला गावात ठेवते. दोन्ही मदतींची रक्कम सारखी असली तरी परिणाम सारखा नाही.

७

विद्यापीठीय अभ्यासाने ह्यातून स्वतःसाठीही काही धडा घेतला पाहिजे. लोकसाहित्याच्या संशोधनात संहिता मिळवणे, ती लिहून घेणे आणि पाठभेदांसह छापणे ही पद्धत ओव्यांना आणि पोवाड्यांना उपयोगी पडली. दशावताराला ती जशीच्या तशी लावली तर एका रात्रीचा संवाद कायमची संहिता होऊन बसेल, आणि पुढील पिढीतील नटांना तीच प्रमाण वाटू लागेल. अभ्यासाचे साधनच अभ्यासविषयाचा घात करील, असा हा प्रसंग आहे.

अधिक उचित मार्ग असा, की एकाच मंडळाने एकाच हंगामात केलेले एकच आख्यान तीन-चार भिन्न गावांत ऐकावे आणि काय बदलले ते नोंदवावे. खाडीकाठच्या मच्छीमार गावात दुर्योधन जो मुद्दा काढतो तो डोंगराकडच्या शेतकरी गावात काढतो काय? संकासुराने कोणाला हात लावला आणि कोणाला टाळले? कोणत्या वाक्यावर लोक हसले, कोणत्या वाक्यावर गप्प झाले, कोणत्या वेळी बायका उठून गेल्या? नोंदवहीचे एक पान नटाच्या संवादासाठी असेल, तर समोरचे पान ऐकणाऱ्यांसाठी असले पाहिजे. अशा नोंदी हाती आल्या म्हणजे दशावतार हा मराठी नाटकाच्या इतिहासातील प्रस्तावनेचा परिच्छेद राहणार नाही. भाव्यांच्या आधी काय होते ह्या प्रश्नाइतकाच, भाव्यांच्या नंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली तरी गाव रात्रभर जागून दुर्योधनाची बाजू का ऐकते, हा प्रश्नही त्या इतिहासाचा होईल.